बॉक्सिंगमध्ये एका वजनाला चार-चार चॅम्पियन कसे काय?

म्हापशेकर: भाचा हल्ली बॉक्सिंगला जातो, रोज वजनकाट्यावर उभा, पाव किलो वाढलं तरी भाकरी बाजूला सारतो. त्याने विचारलं मामा जगात खरा चॅम्पियन कोण, मी शोधायला गेलो तर एकाच वजनगटात चार नावं, कोणीतरी नीट सांगा रे.

फोंड्याचा बाब्या: आधी आठच गट होते, सगळ्यात हलक्या फ्लायवेटपासून सगळ्यात जड हेवीवेटपर्यंत, आणि बहुतेक गटात एकच राजा. आता गट साधारण 17 आणि चॅम्पियनचे पट्टे देणाऱ्या मोठ्या संस्था चार. डब्ल्यूबीए सगळ्यात जुनी, डब्ल्यूबीसी 1963 ची, आयबीएफ 1983, डब्ल्यूबीओ 1988, प्रत्येकाचा चॅम्पियन वेगळा. चारही पट्टे एकाकडे आले की तो अनडिस्प्युटेड, म्हणजे निर्विवाद चॅम्पियन. हेवीवेटमध्ये चारही पट्टे पहिल्यांदा युक्रेनच्या उसिकने घेतले, मे 2024 मध्ये ब्रिटनच्या फ्युरीला हरवून.

डिचोलीकर: माझ्या मते सगळ्यात मोठा बॉक्सर अमेरिकेचा हेन्री आर्मस्ट्राँग. ऑक्टोबर 1937 ला फेदरवेट, मे 1938 ला मधला लाइटवेट सोडून थेट वेल्टरवेट आणि ऑगस्टमध्ये लाइटवेटही, म्हणजे तिन्ही एकाच वेळी त्याच्याकडे, तेही आठच गट असताना! फिलिपिन्सच्या पॅकियाओने आठ गटांत टायटल घेतली, तोही ग्रेटच, पण जुन्या गटांच्या मध्ये सुपर, ज्युनियर असे नवे गट आल्यामुळे पायऱ्या जवळ आल्यात ना.

म्हापशेकर: आता कळलं. भाच्याला आज रात्रीच आर्मस्ट्राँगच्या फाइट दाखवतो. आणि वाढीचं वय आहे, भाकरी सोडू नको हेही सांगतो.

फोंड्याचा बाब्या: ते आधी सांग. वजनाचं कोचला बघू दे.