कुंडीतल्या दोडक्या-कारल्याच्या वेलींना गच्चीवर भक्कम आधार कसा द्यावा?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात चौथ्या मजल्यावरील आमच्या घराला लागून साधारण 10 बाय 12 फुटांची उघडी गच्ची आहे. तिथे मी चार वर्षांपासून कुंड्यांमध्ये भाज्या लावतो. मिरची, वांगी, पालक यांचे चांगले जमले आहे; घोडे अडते ते वेलभाज्यांपाशी. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोडका आणि कारले यांचे बी टोकायचे आहे, त्याआधी आधाराचा प्रश्न मार्गी लागावा अशी इच्छा आहे.

गेल्या वर्षी रंगाच्या 20 लिटरच्या बादल्यांना तळाशी भोके पाडून त्यांत माती, कोकोपीट व शेणखत भरले आणि प्रत्येक बादलीत बांबूच्या तीन काठ्या रोवून त्यांची टोके सुतळीने एकत्र बांधली. वेल सहा फुटांवर पोचेपर्यंत सगळे ठीक होते. जुलैत मात्र नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सुटला, पानांनी गच्च भरलेल्या त्या तिकाटीने तो शिडासारखा धरला आणि बादलीच आडवी झाली. दोडक्याचे खोड मातीलगत पिळवटले होते. बादली लगेच सरळ केली, तरी दोन दिवसांत पानांनी माना टाकल्या. वेलीवर तेव्हा बोटाएवढे अकरा दोडके होते. हळहळ अजून गेलेली नाही. आधाराचा सगळा भार कुंडीवरच टाकला, ही माझी चूक होती असे मला वाटते.

म्हणून या वेळी आधार कुंडीपासून वेगळा ठेवायचा आहे. वॉटरप्रूफिंगमुळे गच्चीच्या फरशीला किंवा कठड्याला भोक पाडता येत नाही. दोन रिकाम्या बादल्यांत खडी-सिमेंटचे काँक्रीट भरून त्यांत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप उभे करावेत, साडेसहा फुटांवर आडवा पाइप बांधावा आणि ती चौकट मागच्या खिडकीच्या ग्रिलला दोन ठिकाणी तारेने जखडावी, असा विचार आहे. भरलेली प्रत्येक बादली 45 किलोंच्या आसपास जाईल. एवढे वजन पावसाळी वाऱ्याला पुरते का? की चौकटीला तिरके टेकूही द्यावे लागतील?

दुसरी शंका वेल चढवण्याच्या साधनाची आहे. कारल्याचा तणावा (वेल ज्याने आधार पकडते तो बारीक तंतू) जाड पीव्हीसी पाइपला नुसता टेकून राहिला, पण शेजारी सुतळी लोंबत होती, तिला त्याने दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तीन वेढे घातले आणि मधला भाग स्प्रिंगसारखा वळवून वेल जवळ ओढून घेतली. तणाव्यांना बारीक आधारच लागतो हे त्यावरून कळले. (चवळीचे तसे नाही, तिचे खोड स्वतःच काठीभोवती वळते, त्यामुळे तिच्यासाठी साधी काठीही चालते.) परंतु सुतळी ऑगस्टपर्यंत गाठींपाशी कुजली. नायलॉनची जाळी टिकते, पण हंगाम संपल्यावर तिच्यात अडकलेल्या वाळक्या वेली सोडवणे फार जिकिरीचे होते. उभ्या ताणलेल्या काथ्याच्या दोऱ्यांचा अनुभव कोणाला आहे का? दोन दोऱ्यांत किती अंतर ठेवता?

ज्यांच्या गच्चीवर अशी चौकट एक तरी पावसाळा टिकली आहे, त्यांनी कृपया पाइपची जाडी आणि बांधणीची पद्धत सविस्तर लिहावी. बी टोकण्यापूर्वीच सगळे उभे करायचे आहे, कारण रोप वाढल्यावर कुंडीत काठ्या रोवताना मुळे दुखावतात.