पंधरा दिवस वीज, पाणी, दुकान, पोलीस काहीच नाही असं धरलं तर घराची तयारी कशी करावी? (अमळनेर तालुका)

बोरीकाठ
राम राम मंडळी. उद्या काहीतरी मोठं बिनसलं आणि पंधरा दिवस वीज, नळ, दुकान, फोन, पोलीस यांतलं काहीच हाताशी नाही, असं गृहीत धरून घर तयार करायचं आहे. खर्च साठ हजारांच्या आत बसवायचा आहे.

घरात पाच माणसं: दोघं वयस्कर, दोघं आम्ही, एक नऊ वर्षांची मुलगी. पुढची खोली जुनी, धाब्याची. तिला दोन फळ्यांचा सागवानी दरवाजा आहे, बाहेरून कडी-कोयंडा. मागे स्लॅबच्या दोन खोल्या, मागचं दार पत्र्याचं, ते गोठ्याकडे उघडतं. गच्चीचा जिना बाहेरून आहे. नळ चार दिवसांआड. बोअर २८० फूट, दीड एचपीची सबमर्सिबल. छतावर ३ किलोवॅटचं सोलर, नेट मीटरवालं (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं). पुढच्या खोलीत सध्या वीस क्विंटल कापूस भरलेला आहे. एक बैलजोडी.

प्रश्न तीन. सुरुवात कुठून करू? सोलर आहे म्हणजे विजेची काळजी मिटली का? आणि कंपाउंडच्या तारेत रात्री करंट सोडावा असं गल्लीत दोघं-तिघं म्हणतात, ते कितपत बरं?

लोहारआळी
भाऊ, तिसऱ्याचं उत्तर आधी: करंट अजिबात सोडू नका. २३० व्होल्टच्या तारेला चोर कोण आणि पहाटे शेळी शोधायला आलेलं पोरगं कोण हे कळत नाही. मेलेल्या माणसाचा गुन्हा तार लावणाऱ्यावर येतो. शेताला लावतात ते झटका मशीन वेगळं. ते क्षणभराचा झटका देऊन थांबतं. घराच्या कंपाउंडला त्याचीही गरज नाही.

सुरुवात मागच्या दारापासून करा. पुढच्या सागवानी दाराकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि चोर गोठ्याकडून येतो. पत्र्याचं दार आतून ४० × ४० × ५ मिमीच्या अँगलची चौकट आणि मधे दोन आडव्या पट्ट्या वेल्ड करून मजबूत होतं. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांची पिन कापून दार उचकटता येतं, म्हणून पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डचा थेंब सोडा. दाराची चौकट भिंतीत प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्टवर (भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्ट्यांवर) बसलेली आणि होल्डफास्ट काँक्रीटमध्ये गाडलेले हवेत. नुसत्या स्क्रूवर बसलेली चौकट दारासकट निघून येते.

पुढच्या दाराचं दुखणं कुलपात नसतं, कोयंड्यात असतं. पेपरात रोज वाचतो ना, 'कडीकोयंडा तोडून'. कुलूप भारी आणि कोयंडा एक इंची स्क्रूवर, म्हणून कटावणीच्या एका दाबात काम होतं. स्क्रू काढून १० मिमीचे आरपार बोल्ट घाला. गोल डोकं बाहेर, नट आत, आणि नटाखाली ५ मिमी जाडीची, सहा इंच लांब लोखंडी पट्टी. वर दुसरा नट आवळा. कुलूप असं घ्या की ज्याची दांडी बाहेर फार दिसत नाही. घर बंद असल्याचं बाहेरचं कुलूपच सांगतं, तेव्हा एका दाराला आतून बसणारं लॅचचं कुलूप असावं.

आता आतून. जुन्या धाब्याच्या घरांत दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत अडसराची खोबण असायची. पुष्कळ घरांत ती गिलाव्याखाली बुजलेली सापडते. कमरेच्या उंचीवर बोटांनी ठोकत जा, पोकळ आवाज आला की तीच. मोकळी करून बाभळीचा तीन बाय तीन इंची अडसर टाकला तर बाहेरून चार माणसांनी धक्का दिला तरी दार हलत नाही. खोबण नसेल तर यू आकाराचे हूक सागवानी चौकटीलाच बसवा. मातीच्या भिंतीत अँकर फास्टनर धरत नाही, दुसऱ्या धक्क्याला मातीसकट बाहेर येतो.

अडसराचं वजन घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकट्याने उचलता येईल एवढंच ठेवा. आग लागली तर तेच दार बाहेर पडायचं आहे. याच कारणासाठी एका खिडकीची जाळी बिजागरीवर, आतून कुलूप लावलेली, आणि किल्ली तिथेच पण बाहेरून हात पुरणार नाही अशा खिळ्यावर. बाकी जाळ्या १२ मिमीच्या चौकोनी गजाच्या, दोन गजांत चार इंचांपेक्षा जास्त फट नाही.

राहिली गच्ची. एप्रिल-मे मध्ये अख्खं खान्देश गच्चीवर झोपतं आणि खाली घर मोकळं पडतं. जिन्याच्या तोंडाशी जाळीचं दार करा. वर जाताना खालची दोन्ही दारं लावा, आणि किल्ल्या उशाशी घ्या.

तापीथडी
दारांचं लोहारआळींनी व्यवस्थित सांगितलं. क्रम मात्र मी बदलेन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. अशा वेळी पंधरा दिवस वीज नसेल तर घरातल्या वयस्करांना पहिला धोका उन्हाचा आणि पाण्याचा. चोराचा नंबर नंतर.

पाण्याचा हिशेब: पिण्याला माणशी ५ लिटर, स्वयंपाक-भांडी-हातपाय यांना १०. पाच माणसांचे रोज ७५, पंधरा दिवसांचे ११२५ लिटर. म्हणजे हजाराची एक टाकी आणि २०० लिटरचा एक ड्रम एवढा साठा कायम भरलेला हवा. बैलजोडीने गणित बदलतं. उन्हाळ्यात एका बैलाला दिवसाला ५०-६० लिटर लागतात. ते साठवून भागत नाही, त्याला स्रोतच पाहिजे.

बोअरवर भिस्त ठेवू नका. दीड एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, घरगुती इन्व्हर्टर लगेच बंद पडतो. हातपंपही २८० फुटांवर चालत नाही, साधा हातपंप दीडशे फुटांपर्यंतचाच. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात तर पाणी त्याहून कितीतरी खोल गेलंय. त्यापेक्षा शिवारात कुणाकडे सौर कृषी पंप आहे ते आजच बघून ठेवा. तो ग्रीडवर (बाहेरच्या वीजलाइनवर) अवलंबून नसतो, ऊन असलं की चालतो. त्याच्याशी बोलून ठेवा आणि बैलगाडीवर बसेल अशी ५०० लिटरची टाकी घेऊन ठेवा. बैलांचं पाणी बैलच आणतील.

दुसरा मार्ग गावची जुनी विहीर. ब्लीचिंग पावडरचं माप: १००० लिटरला २.५ ग्रॅम. विहिरीतलं पाणी असं मोजा: व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५. मापं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर साधारण ३७,७०० लिटर, म्हणजे ९५ ग्रॅम पावडर. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, बादली पाऊण भरायची, दहा मिनिटं निवळू द्यायची. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीने विहिरीत सोडून हिंदकळवायची. खालचा चुना फेकून द्यायचा, तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. एक तासानंतर पाणी वापरा. नेहमी चूक होते ती पावडर साठवण्यात. पिशवी उघडी राहिली की आपल्या उन्हात महिन्या-दोन महिन्यांत दम जातो. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या बरणीत, अंधारात ठेवा. वास मेला की नवी आणा. लोखंडी डबा नको, गंजतो.

आता सोलर. नेट मीटरवालं सोलर वीज गेली की भर दुपारीसुद्धा बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. म्हणजे छतावर ३ किलोवॅट असून घरात अंधार. ते सिस्टिम छेडू नका. त्याच्या शेजारी छोटं वेगळं बसवा: १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी, १२ व्होल्टचे १६५-१७० वॅटचे दोन पॅनेल पॅरलल, आणि सोलर चार्ज कंट्रोलर. दुकानदार स्वस्तात ३३५ वॅटचं एकच मोठं पॅनेल आणि साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (जादा व्होल्टेज वापरता न येणारा) देतो. ते पॅनेल ३७ व्होल्टच्या आसपास चालतं, बॅटरी १२ ची, आणि मधली निम्म्याहून जास्त ताकद वाया जाते. मोठं पॅनेल घ्यायचंच असेल तर एमपीपीटी कंट्रोलर (जादा व्होल्टेजही चार्जिंगला वापरणारा) पाहिजे.

१५० एएच (अँपिअर-अवर) गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-अवर. त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे बॅटरी टिकते. ९ वॅटचे तीन बल्ब आणि ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे मिळून ८७ वॅट, जेमतेम दहा तास. जुना पंखा ७५ वॅट खातो, म्हणून आधी पंखे बदला. एप्रिल-मे मध्ये बॅटरीचं पाणी महिन्याला बघा, आणि बॅटरी पत्र्याखाली नको, उष्णतेने तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. स्लॅबला चुन्याचे दोन हात द्या. दुपारी ओल्या पंचाने अंग पुसून पंख्याखाली बसवा. कोरड्या अंगावर ४४ अंशांची हवा फिरवून म्हातारं माणूस निवत नाही.

बोरीकाठ
नेट मीटरचं माहीत नव्हतं, मोठा डोळा उघडला. दादा, धान्याचं काय? गहू आणि दादर (रब्बी ज्वारी) कोठीत आहे. गोळ्या टाकून ठेवल्या तर वर्षभर चालेल ना? आणि कापूस घरात ठेवू की विकू?

दादर भाकर
भाऊ, गोळ्या घरात नकोत. हात जोडून सांगतो. त्या गोळीतून फॉस्फिन वायू निघतो, त्याच खोलीत झोपलेली माणसं त्याने गेलेली आहेत, आणि लहान मुलं आधी जातात. दार लावून झोपायच्या घरात तर अजिबात नाही.

धान्य टिकवायचं सूत्र साधं आहे, कोरडं आणि हवाबंद. मे च्या उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे, चेपला तर अजून ओल आहे. उन्हातून आणलेलं गरम धान्य लगेच भरू नका, रात्रभर निवू द्या, नाहीतर कोठीच्या झाकणाखाली पाणी धरतं आणि वरचा थर जाळी धरतो. कोठी तोंडापर्यंत भरा, झाकणाच्या फटीला चिकटपट्टी. अर्धवट रिकाम्या कोठीत सोंडे लवकर वाढतात, त्यापेक्षा दोन छोट्या भरा. तूर-उडदाला क्विंटलला अर्धा लिटर तेल चोळून ठेवा.

महिन्याचं प्रमाण पाच माणसांना: धान्य ६० किलो, डाळी १२, तेल साडेचार किलो, मीठ ३, गूळ ५. पण ६० किलोत सगळा गहू-दादर भरू नका. वीज नाही म्हणजे गिरणी नाही, हे भरताना कुणाच्या लक्षात येत नाही. तिसरा हिस्सा तांदूळ ठेवा, डाळ-तांदळाच्या खिचडीला दळण लागत नाही. बिबडे, पापड, शेवया उन्हाळ्यात करतोच, ते जास्त करा. आणि माळ्यावरचं जातं उतरवून टाकी लावून (छिन्नीने टाचे पाडून) घ्या. गुळगुळीत झालेलं जातं दाणा भरडतं, पीठ पाडत नाही. चालू जात्यावर तासाला दोनेक किलो निघतं. पीठ मात्र साठवू नका, ज्वारीचं पीठ उन्हाळ्यात लवकर कडवट होतं.

कापूस विका, नाहीतर राहत्या घराबाहेर हलवा. चिमणी, मेणबत्ती आणि वीस क्विंटल कापूस एका छताखाली नकोत, आणि तो तर तुमच्या बाहेर पडायच्या दाराशीच आहे. पुढच्या खोलीत फक्त बॅटरीचा दिवा. दाराशी वाळूच्या दोन बादल्या. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते, म्हणून गंजी फोडून बाहेर ओढावी लागते. सरपण म्हणून पऱ्हाटीची (कापसाच्या वाळल्या झाडांची) थप्पी लावू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच राहते. तुऱ्हाट्या (तुरीच्या काड्या) बऱ्या.

गावगाडा
घराचं झालं, गल्लीचं राहिलं. एकट्या घराने पंधरा रात्री जागता येत नाही. दहा घरांतून रात्री चार माणसं, दोन तीन-तीन तासांच्या पाळ्या, रात्री अकरा ते पाच. म्हणजे एका घराची पाळी अडीच दिवसांनी येते, झेपते. हातात शिट्टी आणि बॅटरी. एक लांब शिट्टी म्हणजे 'बघायला या', तीन आखूड म्हणजे 'सगळे उठा', आणि आगीला थाळी. याद्या पोलीस पाटलांकडे द्या, ग्रामसुरक्षा दलात नावं घाला, ओळख राहते. फोन चालू असेल तोवर ११२.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केलं. ते मंगळवेढ्याकडचे भिक्षा मागून जगणारे डवरी गोसावी होते. मोबाइलवर फिरलेल्या अफवेने हे झालं, तेही पोलीस आणि वीज सगळं जागेवर असताना. फोन बंद, अंधार आणि पोरं हातात काठ्या घेऊन बसलेली असतील तेव्हा किती लवकर होईल याचा विचार करा. म्हणून पाळीचा नियम आधीच ठरवा, पाटलांसमोर: अनोळखी माणूस दिसला तर दोघांनी सामोरं जायचं, उजेड त्याच्या पायांवर धरायचा, तोंडावर नाही. नाव-गाव विचारायचं, पाणी द्यायचं, उजेडात ओट्यावर बसवायचं आणि पाटलांना बोलवायचं. हात कुणी लावायचा नाही. पाळीवर दारू प्यायलेला माणूस नको. वयस्कर एक जण प्रत्येक पाळीत हवाच.

कायद्याचंही ऐकून ठेवा. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध तो बराच मोठा आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा त्यात बसत नाही, आणि पळून चाललेल्याला गाठून मारणं तर नाहीच.

रस्त्याचाही विचार करा. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावला पूर आला तेव्हाच कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या महिनाभराच्या जास्त घेऊन ठेवा. ओआरएसची वीस पाकिटं. ती नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. सेलवर चालणारा रेडिओ. टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते, मग आकाशवाणीच ऐकायची. सुट्टे पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत.

बोरीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. कापूस या आठवड्यात काढतो. लोहारआळी दादा, एक शेवटचं: चौकट चार इंच जाड आहे, जुनं सागवान दगडासारखं झालंय. १० मिमीचं ड्रिल थेट मारलं तर चिरणार नाही ना?

लोहारआळी
थेट मारू नका. आधी ४ मिमीने आरपार, मग ७, मग १०. वेग कमी, आणि दर अर्ध्या इंचाला बिट बाहेर काढून भुसा झटका. भुसा आत अडकला की बिट तापतो, लाकूड जळल्याचा वास येतो आणि भोक मोठं होतं. आतल्या बाजूला लाकडाचा ठोकळा दाबून धरायला माणूस उभा करा, म्हणजे बाहेर पडताना कपचा उडत नाही. काठापासून दीड इंच तरी आत या. बोल्ट पाच इंची घ्या. चार इंच चौकट, पट्टी आणि दोन नट एवढं त्यात कसंबसं बसतं, साडेपाच मिळाला तर उत्तम. नट आवळल्यावर उरलेल्या आट्यांवर हातोडीचे दोन ठोके द्या.