मदत हवी आहे: ग्लायडर जमिनीलगत तरंगत राहतं, बांधाच्या आत उतरत नाही

नमस्कार मंडळी,

रेडिओ कंट्रोलच्या फोम ग्लायडरबद्दल विचारायचं आहे. हातातून फेकणं, मोटरवर वर नेणं, मोटर बंद करून थर्मल (वर चढणारी गरम हवा) शोधणं हे आता बऱ्यापैकी जमतं. घोडं अडतं ते उतरवताना. विमान कमरेएवढ्या उंचीवर येतं आणि तिथून पुढे खाली बसायचं नावच घेत नाही. सरळ जात राहतं, बांध ओलांडतं आणि पलीकडच्या द्राक्षबागेत शिरतं.

आधी जागेचं सांगते, कारण उत्तर त्यावरच ठरणार. नाशिकहून गिरणारेच्या बाजूला माझ्या मामांचं शेत आहे. उन्हाळ कांदा निघाला की पावसापर्यंत रान मोकळं, तोच आमचा हंगाम. पूर्व-पश्चिम लांबी साधारण १२० मीटर, रुंदी निम्मी. काळी जमीन, नांगरून ठेवलेली, ढेकळं फुटलेली, त्यामुळे पोटावर उतरायला हरकत नाही. पूर्वेच्या बांधावर शेवरीची रांग आहे, पाचेक मीटर उंच. पश्चिमेला शेजारच्या काकांची थॉमसनची बाग. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेचा, म्हणजे शेवरीवरून आत यायचं आणि बागेकडे तोंड करून उतरायचं. उत्तर-दक्षिण उतरवायला रुंदी पुरत नाही, शिवाय दक्षिणेला विजेच्या तारा आहेत.

ग्लायडर मांडवात गेलं की नुकसान दोघांचं. माझं मला निस्तरता येतं. मागे पंखाची पुढची कड मांडवाच्या तारेवर बसली, तेव्हा बरोबर तारेच्या जाडीची, बोटाच्या पेराएवढी खोल खाच पडली होती. उकळतं पाणी हळूहळू ओतत गेले तसा दबलेला फोम फुगून बराचसा वर आला. चिरलेल्या जागी अरल्डाइट भरलं, वरून टेप. पण बागेचं काय? एप्रिलची खरड छाटणी झालेली असते, फुटवे इतके कोवळे असतात की धक्का लागला तरी मोडतात, आणि पुढच्या हंगामाची घडनिर्मिती याच काड्यांत व्हायची असते. काका रागावत नाहीत. "काढून घे गं बाई, जपून जा" एवढंच म्हणतात. म्हणूनच हे कायमचं थांबवायचं आहे.

ग्लायडर दोन मीटर पंखांचं, ईपीओ फोमचं, बॅटरीसकट किलोभर वजनाचं. थ्री सेल २२०० एमएएच लायपो बॅटरी, दुमडणारा प्रॉपेलर. एलेरॉनचे (पंखाच्या टोकाकडच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्यांचे) दोन सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एका वाय केबलवर, म्हणजे दोघांना एकच आज्ञा देणाऱ्या दुफाट्याच्या वायरवर, फ्लॅपचे (पंखाच्या मुळाकडच्या, खाली वळणाऱ्या पट्ट्यांचे) दोन दुसऱ्या वाय केबलवर. रिमोट सहा चॅनेलचा, म्हणजे सहा वेगळ्या आज्ञा देणारा. सीजी, म्हणजे विमान तोलून राहतं तो बिंदू, कंपनीने दिलेल्या खुणेवरच आहे, दर वेळी बोटांवर तोलून बघते.

आत्तापर्यंत काय केलं तेही लिहिते. वेग कमी व्हावा म्हणून एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढला, तर आणखी लांब गेलं. शेवरीवरून अगदी खालून आणायला गेले, तर शेपूट फांद्यांना घासली. पूर्ण फ्लॅप एकदम टाकले, तर नाक वर करून विमान पतंगासारखं उचललं गेलं, वेग संपला आणि डावा पंख पडला. विशेष म्हणजे वारा असतो तेव्हा कसंबसं जमतं. संध्याकाळी वारा पडला, सगळं शांत झालं, उडवायला सगळ्यात छान वेळ आली, की नेमकं तेव्हाच बाग!

माझी भाची दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे आणि तिला शिकायचं आहे. उतरवण्याची खात्री झाल्याशिवाय तिच्या हातात रिमोट द्यायला मन धजत नाही. फ्लॅप किती अंश ठेवावेत, त्याबरोबर एलेव्हेटर किती खाली द्यावा, आणि एवढ्या जागेत फेरी कशी आखावी, हे जाणकारांनी कृपया सांगावं. नाशिकमधलं कुणी प्रत्यक्ष येऊन पाहणार असेल तर फारच उत्तम.

*

प्रतिसाद, पुण्याहून:

ताई, तुमच्या विमानात दोष दिसत नाही. जागेचं गणित मांडून बघा. अशा फोम ग्लायडरचं ग्लाइड गुणोत्तर १२ च्या आसपास धरा, म्हणजे एक मीटर खाली यायला बारा मीटर पुढे जाणार. शेवरी पाच मीटरची, सुरक्षित म्हणून तुम्ही आठ मीटरवरून येणार. आठ बारं शहाण्णव. तुमचे १२० मीटर तिथेच संपत आले. त्यातून शेवटच्या मीटरभरात ग्राउंड इफेक्ट लागतो. पंखांच्या लांबीच्या निम्म्याहून खाली आलं की पंखाच्या टोकांवरचे भोवरे दबतात, ड्रॅग (हवेचा अडथळा) कमी होतो आणि विमान आणखी लांब तरंगतं. तुमची कमरेएवढी उंची म्हणजे नेमकी तीच.

वारा असताना का जमतं तेही यातच आहे. हवेतला वेग सेकंदाला नऊ मीटर आणि समोरून तीन मीटरचा वारा असेल, तर जमिनीवरचं अंतर दोन तृतीयांश होतं. ९६ चे ६४ होतात. वारा पडला की परत ९६.

नाक वर ओढून विमान खाली येत नाही. एलेव्हेटर वेगासाठी, ब्रेक उतारासाठी, ही वाटणी हातात बसली पाहिजे. आणि ब्रेक म्हणजे नुसते फ्लॅप नाही, क्रो. फ्लॅप खाली, दोन्ही एलेरॉन थोडे वर. फ्लॅपने ड्रॅग मिळतो, एलेरॉन वर गेल्याने टोकांची लिफ्ट (उचल) कमी होते आणि टोक आधी स्टॉल होण्याची, म्हणजे उचल तुटून पडण्याची, भीतीही घटते. उतार पाचास एकपर्यंत आला तरी आठ मीटरवरून तुम्ही चाळीस मीटरमध्ये जमिनीवर.

तुमची अडचण वाय केबलची आहे. दोन्ही एलेरॉन एका चॅनेलवर असतील तर ते एकत्र वर जाऊच शकत नाहीत. ती केबल काढा आणि दुसरा एलेरॉन रिकाम्या सहाव्या चॅनेलवर घ्या. फ्लॅपची वाय राहू द्या. मग फ्लॅप ६० अंशांपर्यंत, एलेरॉन १५ अंश वर, एलेव्हेटर सुरुवातीला तीन मिलिमीटर खाली. फ्लॅपला एवढा प्रवास मिळत नसेल तर सर्व्होचा हॉर्न (वरचा छोटा दांडा) एक-दोन दाते सरकवून बसवा. फ्लॅप वर जायची गरज नसतेच, सगळी चाल खालच्या बाजूला घ्या. फ्लॅप उघडायला दीड-दोन सेकंद लागतील असा वेग ठेवा, म्हणजे ते पतंगासारखं उचलणं थांबेल. एलेव्हेटरचं मिक्स (ब्रेकबरोबर त्याने आपोआप किती हलायचं ते) मात्र जमिनीजवळ लावू नका. ५० मीटर वर जा, ब्रेक लावा, नाक वर जातंय की खाली ते बघा, उतरा, अर्धा मिलिमीटर बदला. यात घाई नको.

*

प्रतिसाद, नाशिकहून:

नमस्कार. वरच्या भाऊंनी यंत्राचं सांगितलं, मी आपल्या रानाचं आणि हवेचं सांगतो.

नांगरलेलं काळं रान दुपारी तापतं तसं दुसरं काही तापत नाही. शेजारची पाणी दिलेली हिरवी बाग त्या मानाने थंड. म्हणजे तुम्ही रानावर असता तेव्हा खालून हवा उचलते, आणि बागेवर गेलात की तीच हवा सोडून देते. विमान रानात बसत नाही आणि बरोबर मांडवात बसतं, याचं दुपारचं कारण हे. शिकवणी सकाळी सात ते नऊ ठेवा. तेव्हा थर्मल नसतात आणि जे होतं ते आपल्या हातानेच होतं, त्यामुळे शिकणाऱ्याला कळतं तरी.

दुसरं, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. मे महिन्यात पारा ४० ला गेला की हवा विरळ होते. थंडीतल्या सकाळच्या मानाने तेच विमान जवळपास पाच टक्के जास्त वेगाने उतरतं. आकडा लहान वाटतो, पण लहान रानात जाणवतो.

फेरी अशी आखा. तुम्ही रानाच्या मध्यावर, उत्तरेच्या बांधाजवळ उभ्या राहा, म्हणजे तारा तुमच्या समोर पण लांब राहतील आणि विमान कायम तुमच्या आणि तारांच्या मध्ये. वाऱ्याबरोबर पूर्वेकडे जाताना तुमच्या समोर आलं की उंची वीस मीटर असावी. शेवरीच्या पुढे जाऊन वळवा, आणि वळताना वेग सोडू नका. वारा पाठीमागे असताना विमान जमिनीवरून जोरात पळताना दिसतं, माणूस नकळत नाक ओढतो, आणि आतला पंख वळणातच पडतो. सरळ झाल्यावर अर्धा ब्रेक लावूनच शेवरीवर या. कमी पडेल असं वाटलं तर ब्रेक थोडा काढा, जास्त होतंय वाटलं तर वाढवा. फक्त दोन मीटरच्या खाली आल्यावर ब्रेक काढायचा नाही, नाहीतर धपकन बसेल. आणि रान अर्धं संपलं तरी विमान डोक्याच्या वर असेल तर हट्ट सोडा, ब्रेक बंद, मोटर चालू, पुन्हा फेरी. यासाठी बॅटरीत दोन फेऱ्यांपुरता दम राखून ठेवायचा.

एक आग्रहाचं. आपल्याकडे ओझरचा विमानतळ, गांधीनगरची लष्करी धावपट्टी, देवळालीचा तोफखाना हे सगळं जवळजवळ आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदासाठीची मॉडेल विमानंही येतात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं रान कोणत्या रंगात आहे ते दर वेळी बघा. हिरव्या पट्ट्यातही मर्यादा ४०० फुटांची, म्हणजे १२० मीटर. चांगला थर्मल मिळाला की दोन मीटरचं ग्लायडर ती कधी ओलांडतं ते कळत नाही, म्हणून ब्रेकचा उपयोग वरून खाली यायलाही करा. शेवरीत संक्रांतीचा नायलॉन मांजा लटकलेला राहतो, तोही काढून टाका.

रविवारी सकाळी मी येऊ शकतो. भाचीलाही बोलवा. माझ्याकडे ईपीपी या लवचिक फोमचं जुनं लहान विमान आहे, ते आपटलं तरी चेपून परत सरळ होतं. पहिले हात त्यावर.

*

धागाकर्तीचं उत्तर:

दोघांचे मनापासून आभार. आठ बारं शहाण्णव वाचलं आणि इतके दिवस जे डोळ्यांना दिसत होतं त्याचं कारण समजलं.

एलेरॉन वेगवेगळ्या चॅनेलवर घेतले. मोटर स्विचवर टाकली आणि डावी दांडी पूर्ण ब्रेकसाठी मोकळी केली. दांडी खाली ओढली की फ्लॅप उघडत जातात. रिमोटच्या खांद्याला लावलेल्या ब्रेकच्या खटक्यापेक्षा हे फार सोपं आहे, कारण हवा तेवढाच ब्रेक देता येतो. एलेव्हेटर चार मिलिमीटरवर स्थिरावला. वारा नसतानाही विमान आता रानाच्या मध्यावर बसतंय. मातीत पोट घासल्याचा तो खर्रर्र आवाज ऐकून मामा विहिरीवरून बघायला आले!

दोन शंका उरल्या. फ्लॅपची बिजागरी म्हणजे फोमचाच पातळ पडदा, तो पंखाच्या मुळाशी फाटायला लागला आहे. आणि पूर्ण ब्रेकवर एलेरॉन सुस्त होतात, पंख पडला तर उचलायला वेळ लागतो.

*

प्रतिसाद, पुण्याहून:

छान झालं ताई. बिजागरीला आतून-बाहेरून फायबरचे धागे असलेली टेप लावा. फ्लॅप पूर्ण खाली ठेवून वरच्या बाजूची टेप चिकटवायची, म्हणजे चाल अडणार नाही.

एलेरॉन सुस्त होणारच, कारण ते आधीच वर गेलेले असल्याने आणखी वर जायला जागा कमी उरते. १५ चे १० अंश करा. तरी कमी वाटलं तर एलेरॉनबरोबर रडर (शेपटीची उभी पट्टी) मिसळा, तीसेक टक्के. कमी वेगात हे ग्लायडर रडरचं जास्त ऐकतं. आणि खाली जाणारा एलेरॉन वर जाणाऱ्याच्या निम्माच हलू द्या, म्हणजे नाक उलट्या दिशेला ओढलं जाणार नाही.

*

धागाकर्तीचं उत्तर:

रडरचं मिक्स आज रात्रीच लावते. नाशिकच्या काका, रविवारी सकाळी साडेसहाला गिरणारेच्या फाट्यावर मी आणि भाची थांबतो, व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवला आहे. नाश्ता मामींकडे.