खेकडा ‘कात टाकतो’ की ‘कवच बदलतो’?

प्रश्न: सोलापुरातील आमच्या शाळेसाठी सीना नदीकाठच्या प्राण्यांची माहिती लिहिताना ‘खेकडा वाढताना कवच बदलतो’ असे वाक्य आले. एका शिक्षकांनी ‘कात टाकतो’ असे सुचवले, तर दुसऱ्यांच्या मते कात केवळ सापाची. योग्य प्रयोग कोणता मानावा?

उत्तर: ‘कात टाकतो’ हाच प्रयोग घ्यावा. ‘बदलतो’ म्हटले की खेकडा जुने घर सोडून दुसऱ्या तयार घरात शिरतो असा समज होतो. ते काम समुद्रातील शंखवासी खेकड्याचे. तो रिकामे शंख शोधून त्यांत राहतो. नदीतल्या खेकड्याचे कवच मात्र त्याच्याच त्वचेतून तयार होते. कायटिन हा चिवट पदार्थ आणि कॅल्शियमचे क्षार यांमुळे ते टणक बनते, पण एकदा टणक झाले की वाढत नाही. म्हणून आतला जीव वाढायचा तर ते टाकावेच लागते.

जुन्या कवचाखाली नवे, मऊ कवच आधी तयार होते आणि जुन्यातील काही कॅल्शियम शरीरात परत शोषले जाते. मग खेकडा पाणी घेऊन फुगतो, पाठीच्या ढालीची मागची कड उकलते आणि त्या फटीतून तो मागे सरकत बाहेर येतो. नांगीचा सांधा अरुंद असल्यामुळे तिच्यातील स्नायू आधीच आकसलेले असतात. एरवी ती जाड नांगी त्यातून ओढून काढताच आली नसती. मागे राहते ती नांग्या धरून 10 पायांची, हुबेहूब खेकड्यासारखी पोकळ आकृती. तिच्यात डोळ्यांवरील आवरण असतेच, शिवाय कल्ल्यांचे आणि जठराचे अस्तरही असते.

इथे सापाशी असलेला फरक जपायला हवा. सापाची कात म्हणजे त्वचेचा पातळ बाह्य थर, तर खेकडा आपला बाह्य सांगाडाच टाकतो. त्यामुळे क्रियेला ‘कात टाकणे’ म्हणावे, मात्र काठावर सापडलेल्या वस्तूला नुसते ‘कात’ न म्हणता ‘टाकलेले कवच’ म्हणावे. शास्त्रीय लेखनात क्रियेसाठी ‘निर्मोचन’ चालेल; त्याच धातूपासून बनलेल्या ‘निर्मोक’ या संस्कृत शब्दाचा अर्थ सापाची कात असा आहे. आपल्या सोलापुरात अनेक घरांत बोलल्या जाणाऱ्या तेलुगूत सापाच्या कातीला ‘कुबुसम’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ अंगरखा असा आहे, हेही मुलांना सांगण्याजोगे आहे.

उपप्रश्न: त्या मऊ अवस्थेतील खेकड्याला ‘कोवळा खेकडा’ म्हणता येईल का?

उत्तर: म्हणू नये. ‘कोवळा’ म्हटले की वय कमी असे वाटते. लहान खेकडे वरचेवर कात टाकतात हे खरे, पण पूर्ण वाढीकडे आलेला, एखादी तुटलेली नांगी पुन्हा फुटत असलेला मोठा खेकडाही कात टाकल्यावर तितकाच मऊ असतो आणि कवच टणक होईपर्यंत बिळात दडून राहतो. ‘नुकतीच कात टाकलेला खेकडा’ असे सरळ लिहावे. शब्द दोन जास्त लागले तरी चालतील.