सोयाबीनच्या गाठीत ऑक्सिजन मोजायचाय, कुठला मायक्रोसेन्सर घेऊ?

गाठाळमुळी:
नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष, विषय सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी. गाठीच्या सालीपासून आतल्या गुलाबी भागापर्यंत ऑक्सिजन कसा उतरत जातो ते मोजायचंय. पैसे एकाच सेन्सरपुरते मंजूर झालेत. क्लार्क पद्धतीचा काचेचा (करंटवरून मोजणारा) घेऊ की ऑप्टिकल (प्रकाशावरून मोजणारा)? सर म्हणतात, टोक जितकं बारीक तितकं चांगलं. ज्यांनी हाताळलाय त्यांनीच सांगा, कॅटलॉग माझे पाठ झालेत.

पिकोअँपियर:
ताई, सरांचं म्हणणं गाळाला लागू आहे, गाठीला नाही. 10 मायक्रॉनचं टोक म्हणजे केसाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं. चिखलात लोण्यात जावं तसं जातं. गाठीची साल चिवट. माझं पहिलं टोक तिथेच मोडलं. आवाज नाही, काही नाही, फक्त आकडा एकदम वर उसळला. पुढे 50 मायक्रॉनचं वापरलं आणि साल आधी बारीक सुईने टोचून घेतली.

घ्या मात्र क्लार्कचाच. 1956 मध्ये लेलँड क्लार्क यांनी जी रचना मांडली तीच आजही आहे: पडद्यामागे प्लॅटिनमचा कॅथोड, सोबत चांदीचा ॲनोड, मध्ये साधारण उणे 0.8 व्होल्ट. पडद्यातून आलेला ऑक्सिजन कॅथोडवर खपतो आणि तेवढाच करंट मिळतो. रेवस्बेक यांनी 1989 मध्ये त्यात गार्ड कॅथोड बसवला. मागच्या द्रावणातून झिरपणारा ऑक्सिजन तो वाटेतच गिळतो, त्यामुळे शून्य जागेवर राहतं. कोटेशन मागवताना गार्ड आहे का, हे आधी विचारा.

शेंगदाणाचटणी:
माझं मत उलट. ऑप्टिकल सेन्सर ऑक्सिजन खात नाही, ट्यूबलाइटचा 50 हर्ट्झचा गोंगाट पकडत नाही, आणि ऑक्सिजन कमी असेल तिथेच जास्त संवेदनशील असतो. लाइट गेली तरी परत आल्यावर लगेच काम सुरू. काचेच्याचं पोलरायझेशन (सतत लावून ठेवलेलं व्होल्टेज) तुटलं की पुन्हा स्थिर होईपर्यंत बसा बोटं मोडत.

पिकोअँपियर:
लाइटचं म्हणणं मान्य. यूपीएस नसेल तर माझा सल्ला रद्द समजा. गोंगाट मात्र जाळीने आटोक्यात येतो. आमच्याकडे खोक्याला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून अर्थ दिलाय, दिसायला डब्यातल्या पोळ्यांसारखं, पण चालतं.

जुनाजाणता:
दोघांचंही ऐका, पण मूळ गोष्ट राहिलीच. गाठीच्या मध्यभागी मोकळा ऑक्सिजन दहा-पन्नास नॅनोमोलार (नॅनो म्हणजे मायक्रोचा हजारावा भाग) असतो, बाकीचा लेगहिमोग्लोबिनला, म्हणजे गाठीला गुलाबी करणाऱ्या प्रथिनाला, चिकटलेला. नेहमीच्या क्लार्क मायक्रोसेन्सरला मायक्रोमोलारच्या काही दशांशाखालचं कळत नाही. म्हणजे आत गेल्यावर तो शून्यच दाखवणार. तो सेन्सरचा दोष नव्हे. तुम्हाला मोजायचा आहे तो बाहेरच्या थरातला उतार. त्जेपकेमा आणि योकम यांनी 1974 मध्ये सोयाबीनच्या गाठीत मायक्रोइलेक्ट्रोड घालून हेच दाखवलं: बाहेर हवेच्या जवळपास, मग अचानक तळाला. प्रबंधात 'आत ऑक्सिजन नाही' असं लिहू नका, 'मोजमापाच्या मर्यादेखाली' लिहा.

आणि गाठ तोडून मोजू नका. मूळ रोपापासून तुटलं की ऑक्सिजन आत जाण्याला गाठीचा असलेला अडथळा घट्ट होतो आणि तुम्ही भलतीच गाठ मोजत बसता. रोप जिवंत ठेवा, मुळं ओल्या टिश्यू पेपरवर, पण गाठीवर पाण्याचा थेंब राहू देऊ नका.

गाठाळमुळी:
बाप रे, तोडूनच मोजणार होते. कॅलिब्रेशन कसं करता?

पिकोअँपियर:
शून्यासाठी 0.1 मोलार सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये 0.1 मोलार सोडियम ॲस्कॉर्बेट. नंतर टोक डिस्टिल्ड वॉटरने नीट धुवा. वरच्या आकड्यासाठी हवा बुडबुडवलेलं पाणी. समुद्रसपाटीला, 25 अंशांना, गोड्या पाण्यात साधारण 258 मायक्रोमोलार. पुण्यात असाल तर हाच आकडा डोळे मिटून टाकू नका. 560 मीटर उंचीवर हवेचा दाब सहाएक टक्के कमी, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच कमी. तापमान एका अंशाने हललं तर सिग्नल दोन-तीन टक्के हलतो, म्हणून कॅलिब्रेशनचं पाणी आणि रोप एकाच खोलीत ठेवा. मोजणीआधी आणि नंतर, दोन्ही वेळा करा. नवा सेन्सर रात्रभर पोलराइझ होऊ द्या.

मुंबईकर_जीवशास्त्री:
धागा पळवतोय, माफी. याच काचेच्या सेन्सरने नायट्रिक ऑक्साइड मोजता येईल का? माझं काम उंदराच्या मेंदूवर.

जुनाजाणता:
नाही, वेगळा घ्यावा लागेल. तिथे उलट, धन बाजूला 0.8-0.9 व्होल्ट लावून नायट्रिक ऑक्साइडचं ऑक्सिडेशन करतात. त्याच व्होल्टेजला ॲस्कॉर्बेट, डोपामीन, नायट्राइट सगळेच नाचतात. यातली ऋणभारित मंडळी, म्हणजे ॲस्कॉर्बेट आणि नायट्राइट, अडवायला नॅफिऑनचा (ऋणभारित पॉलिमरचा) थर देतात, पण डोपामीन धनभारित असल्याने आत शिरतं. म्हणून प्रत्येक प्रोब या तिन्हींवर स्वतः तपासा. मालिन्स्की आणि ताहा यांनी 1992 मध्ये एका पेशीजवळ हा वायू मोजला तो पॉर्फिरिन (धातू धरून ठेवणारं सेंद्रिय संयुग) लावलेल्या कार्बनच्या तंतूवर. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

गाठाळमुळी:
ठरलं, 50 मायक्रॉन, गार्डवाला. सरांना जुनाजाणतांचा प्रतिसाद दाखवला, ते वाचून गप्प झाले आणि मग म्हणाले, यूपीएस कोणाच्या निधीतून?