बटलर वाचून झाल्यावर टॅनानारिव्ह ड्यू
कृष्णवर्णीय लेखिकांच्या कोणत्या भयकथा वाचाव्यात, या प्रश्नावर कुणीतरी ऑक्टेव्हिया बटलर यांची 'फ्लेजलिंग' ही कादंबरी सुचवली आहे. उत्तमच! पुढे टॅनानारिव्ह ड्यू यांची 'द रिफॉर्मेटरी' (२०२३) ही कादंबरी नक्की घ्या. काळ १९५०, फ्लोरिडा. बहिणीच्या मागे लागलेल्या गोऱ्या पोराला लाथ मारली म्हणून १२ वर्षांच्या रॉबर्टला सहा महिने सुधारगृहात डांबतात. तिथे मेलेल्या पोरांची भुतं त्याला दिसतात आणि वॉर्डन त्याच्याकरवी तीच पकडू पाहतो. धास्ती बसते ती भुतांची नव्हे, वॉर्डनची. यामागे फ्लोरिडातलं खरं डोझियर सुधारगृह आहे. ड्यू यांचे आजोबांच्या पिढीतले नातेवाईक रॉबर्ट स्टीफन्स १९३७ मध्ये १५ व्या वर्षी तिथेच दगावले. पुस्तक जाडजूड आहे, सुरुवात संथ वाटली तरी सोडू नका. जोडीला 'हॉरर नॉयर' (२०१९) हा कृष्णवर्णीयांच्या भयपटांवरचा माहितीपट बघा. ड्यू त्याच्या कार्यकारी निर्मात्या आहेत.