प्र: गेमिंगच्या जुन्या पीसीवर विंडोज १० काढून ११ टाकावं का?

'गेम चालतायत ना, मग १० लाच राहू दे' हे बऱ्याच जणांचं म्हणणं अर्धंच पटतं. एफपीएससाठी (गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) ११ टाकायची गरज नाही हे खरंय, त्याने जुनं ग्राफिक्स कार्ड काय पळायला लागणार नाही. पण १० चा सपोर्ट (नेहमीचे सिक्युरिटी अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला आणि त्याच पीसीवर घरचं नेटबँकिंगपण चालत असेल तर मी तरी नाही ठेवणार बाबा.

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. आपल्याकडं सोलापुरात बरेच पीसी असेंबल केलेले, आणि जुन्या मशीनवर दुकानदाराने लेगसी मोडमध्येच (बूट करायची जुनी पद्धत) विंडोज मारलेलं असतं, म्हणजे डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी). मग ११ चालेल का ते चेक केलं की 'टीपीएम (११ ला लागणारी सिक्युरिटीची सोय) नाही' येतं आणि पोरं नवीन मदरबोर्डचा भाव विचारायला नवी पेठेत पळतात, जेव्हा की प्रोसेसर आठव्या जनरेशनचा इंटेल किंवा रायझन २००० च्या पुढचा असेल तर बहुतेक वेळा टीपीएम बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) इंटेलवर पीटीटी नाहीतर रायझनवर एफटीपीएम नावाने नुसतं बंद पडलेलं असतं. फक्त सिक्युअर बूटच्या (बूट होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सेटिंग) नादात आधी सीएसएम (बायोसमधली लेगसी मोडची सेटिंग) बंद करू नका, विंडोज बूटच होणार नाही. बॅकअप घ्या, मग विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी टूलने तीच डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदला (तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते अडतं), आणि मगच बायोसला हात लावा. व्हॅलोरंट गेम खेळणाऱ्यांना ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतातच. आणि हो, यूपीएस नसेल तर हे काम उन्हाळ्यातल्या दुपारी काढू नका, लाईटीचा काय भरवसा.